कॅबिनेटला खिडकी पाडताना

प्रश्न : काका, मी विश्रामबागला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादाच्या कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट मला मिळालंय, सगळं पत्र्याचं. आतला बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, दिव्यांचे पंखे मी पैसे साठवून हळूहळू घातले. पण झाकण लावलं की काही म्हणजे काही दिसत नाही. काचेचं नवं कॅबिनेट घ्यायला बाबा तयार नाहीत. म्हणून साइड पॅनेलला खिडकी पाडून ॲक्रिलिक बसवायचं ठरवलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ग्रिलवाला आहे, तो म्हणतो ग्राइंडरनं पाच मिनिटांत चौकोन काढून देतो. देऊ का त्याच्याकडे? मापं कशी घ्यायची?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ग्रिलवाल्याकडे देऊ नकोस. तो वाईट कारागीर आहे असं नाही. पण त्याचा हात बसलाय दहा-बारा मिलिमीटरच्या चौरस बारवर, आणि तुझ्या पॅनेलचा पत्रा असेल पाऊण मिलिमीटर. कॅबिनेट स्वस्तातलं असेल तर अर्धाच. अशा पत्र्यावर ग्राइंडरची चकती टेकली की कडा तापते, रंगाला फोड येतात, आणि मोठ्या सपाट पत्र्याला एका जागी ताप लागला की तो पोटात फुगतो. फुगलेला पत्रा पुन्हा सपाट करणं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय चकती गोल असते. कोपऱ्यापर्यंत कापायचं म्हटलं की वरच्या बाजूला काप कोपऱ्याच्या पुढे जातोच. कॅबिनेटच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो जळला की निघणारा धूर छातीत जाऊ देऊ नये, हे आणखी एक.

आता मापाचं. तू बाहेरून पॅनेल बघून, मधोमध एक छान चौकोन आखायच्या विचारात असशील. बहुतेक जण तेच करतात आणि मग खिडकीतून एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणारा, डबा आणि हार्डडिस्कचा पिंजरा बघत बसतात. खिडकी आखायची ती आतलं सामान बघून. समोरून बघताना डाव्या हाताचं पॅनेल काढ, कॅबिनेट आडवं कर, आणि पॅनेलच्या मापाचा पुठ्ठा त्या तोंडावर ठेव. मोठा, म्हणजे एटीएक्स मापाचा, बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, त्याहून छोटा मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. बोर्ड कुठून कुठपर्यंत आहे, कार्ड कुठे संपतं, पंखे कुठे आहेत, हे पुठ्ठ्यावर खुणा करून घे. जे दाखवायचंय तेवढंच चौकटीत घे. वायरींचा गुंता चौकटीबाहेर राहिला तर त्यात कमीपणा नाही. मग पुठ्ठ्यातच खिडकी काप, तो पॅनेलच्या जागी चिकटव, खोलीतला दिवा बंद कर, कॉम्प्युटर चालू कर आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून बघ. कॅबिनेट टेबलाखाली ठेवत असशील तर खिडकी थोडी वर सरकवावीशी वाटेल. दोन दिवस राहू दे तसंच. पुठ्ठा पुन्हा कापता येतो.

आखताना तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, पॅनेल सरकून बसतं. पॅनेलच्या आतल्या बाजूला दुमडलेल्या कडा आणि आकडे असतात. ते खाचेत घालून पॅनेल पुढे ढकलायचं की मागचे स्क्रू लागतात. ॲक्रिलिक आतून बसवणार असशील तर ते सरकताना सांगाड्याच्या पट्टीला अडता कामा नये. पॅनेल बंद करताना किती मिलिमीटर सरकतं ते मोज आणि तेवढी जागा सोड. कडेपासून खिडकीपर्यंत निदान ३० मिलिमीटर पत्रा राहू दे, नाहीतर पॅनेल लुळं पडतं आणि पंख्याबरोबर थरथरतं.

दुसरी, प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरची उंची. उंच टॉवरचे कूलर १५५-१६० मिलिमीटरपर्यंत जातात आणि जुन्या कॅबिनेटात पॅनेलला जवळजवळ टेकतात. फट मोजायची सोपी रीत सांगतो. वीज काढून घे. कणकेचा छोटा गोळा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कूलरच्या माथ्यावर ठेव, पॅनेल जागेवर सरळ दाबून धर आणि उचल. गोळा किती जाडीचा राहिला ते मोज. ॲक्रिलिक ३ मिलिमीटर आणि फोमची टेप १ मिलिमीटर, म्हणजे ४ गेले. गोळा ६ पेक्षा बारीक निघाला तर ॲक्रिलिक बाहेरून लाव, आतून नको.

तिसरी, जाळी. जुन्या पॅनेलवर प्रोसेसरसमोर आणि कार्डासमोर भोकांची जाळी असते, काहींना आतून प्लॅस्टिकचा नळकांडाही असतो. खिडकीची रेघ त्या जाळीतून जाऊ देऊ नकोस, अर्धवट भोकांची कड कानसूनही सरळ होत नाही. जाळी एकतर पूर्ण खिडकीत जाऊ दे किंवा पूर्ण बाहेर ठेव. आत गेली तर तिथून येणारी गार हवा बंद झाली, हे लक्षात ठेव. कापायच्या आधी आणि नंतर तोच खेळ अर्धा तास चालवून तापमान लिहून ठेव. वाढलं तर पुढच्या जाळीला १२० मिलिमीटरचा पंखा जोड. सांगलीच्या एप्रिलमध्ये खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा हिवाळ्यात घेतलेल्या आकड्यांवर विसंबू नकोस.

कापायला जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत घे, भाड्यानं मिळतो. पॅनेल अंगणात किंवा गच्चीवर ने. ज्या खोलीत बोर्ड उघडा पडलाय तिथे पत्रा कापायचा नाही. लोखंडाचा एक कीस बोर्डच्या दोन पिनांत जाऊन बसला तर तुझी साठवलेली सगळी कमाई गेली. डोळ्याला गॉगल हवाच.

पात्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथेच काम बिघडतं. पत्र्याच्या जाडीत एका वेळी पात्याचे दोन-तीन दात असावेत असं आम्ही आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना पहिल्या महिन्यात घोकून घ्यायचो. इंचाला २४ दातांचं पातं घेतलंस तरी एका दातापासून दुसरा एक मिलिमीटरवर असतो. तुझा पत्रा पाऊण मिलिमीटर! म्हणजे दोन दातांच्या फटीत पत्रा अख्खा मावतो, दात अडकतो, पत्रा नाचतो, पातं तुटतं. उपाय हा की पत्रा एकटा कापायचाच नाही. पॅनेलच्या दुमडलेल्या कडांच्या आत नेमका बसेल असा ६ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा काप, तो पॅनेलला आतून दुहेरी टेपनं घट्ट चिकटव, आणि पत्रा व प्लाय दोन्ही एकदम काप. प्लायमुळे दातांना भरण मिळतं आणि पत्रा हलत नाही. पातं धातूचंच घे, लाकडाचं नको. मशीनचा वेग कमी ठेव.

जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, त्यामुळे कीस आणि रंगाचे टवके वरच्या बाजूला निघतात. म्हणून रंगाची, म्हणजे बाहेरची बाजू खाली ठेवायची आणि आतून कापायचं. प्लाय आतूनच चिकटलेला असल्यानं मशीन त्याच्यावरच चालतं, पॅनेलवर ओरखडेही येत नाहीत. फक्त एक लक्षात घे: आतून आखलं की डावं-उजवं उलटतं. पुठ्ठा बाहेरच्या बाजूनं ठेवून केलेला असेल तर प्लायवर आखताना तो पालथा कर. नाहीतर खिडकी सरळ चौकोन असेल तर ती भलत्याच बाजूला सरकते, आणि तिरक्या आकाराची असेल तर आरशातली निघते. बाहेरच्या बाजूला कापाच्या रेघेवर मास्किंग टेपचे दोन थर लाव.

चारी कोपऱ्यांत आतल्या अंगानं २५ मिलिमीटरचं भोक पाड, होल सॉ नाहीतर स्टेप ड्रिल वापर. त्यातूनच पातं आत जातं आणि कोपरे गोल येतात. अगदी काटकोनी कोपरा करू नकोस. कापलेल्या कडेवर शेवटी चढवायची रबराची बीडिंग तिथे वळत नाही, फुगा येतो. एखाद्या कोपऱ्यात नक्षी काढायची हौस असेल तर सराफ कट्ट्यावर सोनार वापरतात तसली बारीक करवत पातळ पत्र्यावर फार गोड चालते. पण तिच्या कमानीची खोली थोडी असते, कडेपासून लांब पोचत नाही.

रेघेच्या आत एक मिलिमीटर सोडून काप आणि उरलेलं कानसून काढ. हेच खरं काम, आणि इथे घाई करतात सगळे. पत्रा दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये, रेघ पट्टीच्या काठाशी येईल असा सी-क्लॅम्पनं आवळ. बारीक दाताची चापट कानस तिरकी धरून लांब लांब पुढे ढकल, मागे येताना उचल. कानस किंचाळायला लागली की पत्रा थरथरतोय. क्लॅम्प जवळ घे. कोपऱ्याला अर्धगोल कानस. शेवटी १८० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून फिरव. बोटाऐवजी कापसाचा बोळा कडेवरून फिरव. जिथे तंतू अडकतील तिथे बर, म्हणजे पत्र्याची बारीक खरखरीत धार, शिल्लक आहे.

कापलेल्या कडेला जस्त उरलेलं नसतं, ती उघडी पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात महिन्याभरात तांबूस रेघ दिसायला लागेल. पॅनेल साबणाच्या पाण्यानं धू, कीस पार जाऊ दे, उन्हात वाळव, कडेला जस्ताचा किंवा रेड ऑक्साइडचा प्रायमर लाव, त्यावर रंग. मग यू आकाराची रबर बीडिंग. ती लावायला खालच्या बाजूच्या मध्यापासून सुरुवात कर, म्हणजे सांधा नजरेत येत नाही. एक-दोन मिलिमीटर जास्तच ठेवून दाबून बसव, रबर पुढे आकसतं.

ॲक्रिलिक घरी कापायच्या भानगडीत पडू नकोस. ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणारे लेझरवर कापून देतात, कड काचेसारखी चकचकीत येते. कास्ट ॲक्रिलिक माग, ३ मिलिमीटर. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी १५ मिलिमीटर मोठं आणि कोपरे गोल सांग. स्क्रू लावायचे असतील तर भोकंही तिथेच पाडून घे. साध्या ड्रिलनं पाडलंस तर बिट आरपार निघताना ॲक्रिलिकला ओढतो आणि तडा जातो. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला साडेचार मिलिमीटरचं भोक ठेव. ॲक्रिलिक पोलादाच्या सहापट तरी जास्त पसरतं. ३०० मिलिमीटरच्या तुकड्यात थंडी ते उन्हाळा जवळपास अर्धा मिलिमीटर फरक पडतो. भोक घट्ट असेल तर हा अर्धा मिलिमीटर तडा होऊन बाहेर येतो. स्क्रूचं डोकं सपाट बुडाचं हवं, पाचरीसारखं नको, आणि खाली नायलॉनचा वॉशर. हातानं आवळून थांब.

मला विचारशील तर स्क्रूंपेक्षा व्हीएचबीसारखी ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप बरी. पसरण्या-आकसण्याला ती थोडी दाद देते आणि समोरून काही दिसत नाही. ती पत्रा आणि ॲक्रिलिकच्या मध्ये येणार, म्हणून बीडिंगच्या ओठाबाहेर लाव. पत्र्याची बाजू स्पिरिटनं पूस, ॲक्रिलिकची नको. दाबून बसवल्यावर पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. तेवढे दिवस पॅनेल पालथं, वजनाखाली ठेव. मित्रांना बोलवायची घाई तिसऱ्या दिवसानंतर कर.


प्रश्न : कराडला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गिऱ्हाईक ॲक्रिलिक नको, टफन्ड (भट्टीत कडक केलेली) काचच हवी म्हणतात. जुन्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये काच बसवता येईल का?
– एक दुकानदार, कराड

उत्तर : बसवता येते, पण हिशेब आधी करा. ३०० बाय ३०० ची ४ मिलिमीटर काच ९०० ग्रॅम भरते. त्याच मापाचं ३ मिलिमीटर ॲक्रिलिक सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. मध्ये भोक पाडलेल्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यावर एवढी काच टांगली की पॅनेल वाकतं आणि मागच्या दोन स्क्रूंवर सगळा भार येतो. काच घ्यायचीच असेल तर आतून अँगलची चौकट द्या आणि काच तिच्यावर टेकवा.

टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता, घासता, भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला की चुरा होतो. म्हणून पत्रा आधी कापून, कानसून, बीडिंग लावून घ्या, नंतर माप घ्या आणि भोकांसकट ऑर्डर द्या. उलट क्रमानं जाऊ नका. गिऱ्हाइकाला काच कशासाठी हवी ते एकदा विचारा. ओरखडे पडू नयेत एवढंच असेल तर काच बरोबर आहे. नुसतं भारी दिसावं म्हणून असेल तर दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून दाखवा, निम्मे लोक ॲक्रिलिकवर येतील.


प्रश्न : मुलानं कॅबिनेटला मोठी खिडकी पाडली. तेव्हापासून सासूबाईंचा रेडिओ खरखरतो, सांगली आकाशवाणी नीट लागत नाही. मुलगा म्हणतो संबंध नाही. कॅबिनेटला ओला हात लागला तर झिणझिण्याही येतात. कोण बरोबर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सासूबाईंची तक्रार खरी आहे, पण खिडकीवर सगळा दोष घालू नका. पत्र्याचा डबा आतल्या विजेच्या गोंगाटाला बाहेर पडू देत नाही हे खरं. खिडकीनं त्यात उणं येतं हेही खरं. पण मीडियम वेव्हवरची खरखर बहुतेक वेळा एसएमपीएसमधून वायरींवाटे निघते, नाहीतर मुलानं खिडकीबरोबर लावलेल्या दिव्यांच्या पट्टीतून. आधी दिव्यांची पट्टी बंद करून रेडिओ ऐका. खरखर थांबली तर चोर सापडला. नाही थांबली तर रेडिओ दुसऱ्या प्लगवर किंवा सेलवर चालवा, आणि जागच्या जागी फिरवून बघा. त्याच्या आतला अँटेना एका दिशेला जास्त ऐकतो.

मला काळजी वाटते ती झिणझिण्यांची. एसएमपीएसमध्ये गोंगाट जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटला जोडलेले असतात. प्लगच्या मोठ्या पिनेला खरोखरचं अर्थिंग असेल तर ती वीज निघून जाते, नसेल तर पत्र्यावर उभी राहते. जुन्या वाड्यांत भोकं तीन आणि वायरी दोनच असं सर्रास असतं. वायरमनला बोलावून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, आणि तोवर कॅबिनेटला ओला हात लावायचा नाही असं घरात सांगा. अर्थिंग झाल्यावर रेडिओही बऱ्यापैकी शांत होण्याची शक्यता आहे, म्हणजे मुलगाही थोडा बरोबर ठरेल.


प्रश्न : काच पुसायच्या निळ्या स्प्रेनं आणि नंतर थिनरनं खिडकी पुसली. आता ॲक्रिलिकमध्ये कडेपासून केसासारख्या बारीक रेघा आल्यात. पॉलिशनं जातील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. त्या वरच्या ओरखड्यांसारख्या नाहीत, आतून फुटलेल्या आहेत. लेझरनं कापलेल्या कडेत ताण उरलेला असतो, त्यावर थिनर किंवा स्पिरिट लागलं की ती कड अशीच तडकते. अमोनियाचे स्प्रेही नकोत. तुकडा बदला. नवा पुसायला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ओलसर फडकं पुरे. कोरड्या फडक्यानं घासलंत तर त्यावर स्थिर वीज साठते आणि तासाभरात धूळ पुन्हा येऊन बसते.


प्रश्न : २०१९ च्या महापुरात कॅबिनेट पाण्यात होतं, तेव्हापासून माळ्यावर आहे. रिकाम्या सांगाड्याला खिडकी पाडून मुलीला द्यावं म्हणते. चालेल का?
– एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : सांगाडा चालेल, त्यातला एसएमपीएस अजिबात नाही, तो उघडूनही बघू नका, ई-कचऱ्यात द्या. पत्र्याच्या दुमडलेल्या कडांत कृष्णेचा गाळ अजून असेल आणि तो ओल धरून ठेवतो. कॅबिनेट पूर्ण खोला, कडांत पाण्याचा जोराचा झोत मारा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं कडा टोचून बघा. रंग फुगलेला असेल आणि टोक आत जात असेल तर पत्रा आतून खाल्लेला आहे, त्यावर कष्ट करू नका. टणक लागला तर गंज घासून प्रायमर मारा. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्या मात्र नव्या घ्या, आणि खुंट्यांच्या बुडाशी रंग राहू देऊ नका, कारण बोर्डाचं अर्थिंग तिथूनच जातं. खिडकीची रेघ गंजलेल्या जागेपासून दोन बोटं लांब ठेवा.